विस्तार थांबला, जुने संच चालूच : औष्णिक वीज केंद्राविषयी वाचकांचे प्रश्न

कोळशावरच्या वीज केंद्राचा विस्तार, म्हणजे बॉयलर, टर्बाइन आणि जनरेटर मिळून होणारा नवा संच, थांबला, लांबला, पुन्हा निघाला, अशा बातम्या गुजरातेत गेली काही वर्षे येत आहेत. वडोदऱ्यात हा विषय लांबचा नाही. राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचे मुख्यालय रेसकोर्सच्या विद्युत भवनात आहे आणि दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत अनेक मराठी घरांतले कोणी ना कोणी जुन्या 'जीईबी'त, म्हणजे गुजरात वीज मंडळात, नोकरीला होते. या खेपेला आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : वीज केंद्राच्या नव्या संचाचे काम "स्थगित" झाले असे छापून येते. स्थगित म्हणजे रद्द का? एवढे कागद झाल्यावर प्रकल्प अडतो तरी कशाने? — एक वाचक, रावपुरा

उत्तर : स्थगित आणि रद्द यांत मोठे अंतर आहे. काम कोणत्या पायरीवर अडले ते पाहिले की ते लगेच कळते. आधी व्यवहार्यता अहवाल तयार होतो. मग पर्यावरण मंत्रालय अभ्यासाची कार्यकक्षा ठरवून देते. कोळशावरचा ५०० मेगावॉट किंवा त्याहून मोठा प्रकल्प २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे 'अ' वर्गात मोडतो, म्हणून त्याची फाइल दिल्लीलाच जाते. पुढे किमान ३० दिवसांची नोटीस देऊन जनसुनावणी, तज्ज्ञ समितीची छाननी आणि पर्यावरण मंजुरी. पाण्याचा कोटा, कोळशाचे लिंकेज (खाणीकडून पुरवठ्याची हमी), वीज खरेदी करार आणि कर्जाची व्यवस्था ही कामे याच्या जोडीने चालतात. सगळे जुळले की ठेकेदाराला आदेश निघतो. त्या तारखेला या धंद्यात 'झीरो डेट' म्हणतात. तिथून ८०० मेगावॉटचा संच उभा राहायला साधारण चार ते साडेचार वर्षे लागतात.

झीरो डेटच्या आधी अडलेला प्रकल्प फारसा खर्च न होता अडतो. त्यानंतर अडला तर व्याज सुरू होते. ७,५०० कोटींच्या कामात निम्मी रक्कम खर्च झालेली असताना वर्षभर काम बंद पडले आणि व्याज १० टक्के धरले, तर फक्त व्याजाचेच ३७५ कोटी होतात. बांधकाम काळातले व्याज प्रकल्पाच्या किमतीत धरले जाते आणि नियामक आयोगाने त्यातले जेवढे मान्य केले तेवढे पुढे वीजदरात येते.

कागदावर अडलेला प्रकल्प संपला असे मानू नये. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रकल्पांची पर्यावरण मंजुरी १० वर्षे चालते. गुजरातचेच उदाहरण घ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारने जाहीर केले की नव्या कोळसा प्रकल्पांना यापुढे परवानगी नाही, कारण सौर वीज स्वस्त पडू लागली होती. त्याच वर्षी वणाकबोरीचा ८०० मेगावॉटचा आठवा संच सुरू झाला होता. तरी मार्च २०२५ मध्ये उकाईच्या ८०० मेगावॉटच्या सातव्या संचाचे सुमारे ७,५०० कोटींचे काम भेलला दिले गेले. मधली साडेपाच वर्षे धोरण "नको" असे सांगत होते आणि संध्याकाळची मागणी "हवे" म्हणत होती.

अडण्याचे कारण बहुधा एकच नसते. आंध्रातला कृष्णपट्टणमचा चार हजार मेगावॉटचा प्रकल्प २०१० मध्ये इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यात किमतीचे नियम बदलल्यावर अडकला. आपल्या मुंद्र्याचा टाटांचा ४,००० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला, पण २ रुपये २६ पैशांचा दर धरून बोली लावलेली असल्याने तो त्याच नियमांच्या कचाट्यात सापडला. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की परदेशातला कायदा बदलला या कारणाने करारातला दर वाढवून मागता येत नाही. त्यानंतर आयात कोळशावरच्या विस्ताराला कर्ज देताना बँका जपून वागू लागल्या. विशाखापट्टणमजवळ पुडिमडका इथे एनटीपीसीने कोळशासाठी आखलेल्या जागेवर आता हरित हायड्रोजनचे केंद्र होत आहे, म्हणजे तो कोळसा प्रकल्प खऱ्या अर्थाने रद्द झाला.

आमचे मत इथेच मांडतो, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांच्या मुळाशी तेच आहे. विस्तार थांबवणे हा अर्धा निर्णय झाला. जुना संच कोणत्या वर्षी बंद होणार, तोवर त्याच्या दुरुस्तीला किती पैसा मिळणार, हा उरलेला अर्धा. पहिला अर्धा भाषणात जाहीर होतो. दुसरा पुष्कळदा कोणी लिहूनही ठेवत नाही, आणि त्याची किंमत केंद्रातले कामगार आणि शेजारची गावे भरतात.

प्रश्न : ८०० मेगावॉटचा एक संच वाढला तर रोजचा कोळसा, पाणी आणि राख किती वाढते? आणि नवा संच खरोखर कमी कोळसा खातो का? — निवृत्त शिक्षिका, कारेलीबाग

उत्तर : हिशोब घरी करता येतो. ८०० मेगावॉट गुणिले २४ तास म्हणजे १ कोटी ९२ लाख युनिट. नव्या सुपरक्रिटिकल (जास्त दाबावर आणि तापमानावर चालणाऱ्या) संचाला एका युनिटसाठी साधारण २,२०० किलोकॅलरी उष्णता लागते. कोळशाचे उष्णतामूल्य किलोला ३,७५० किलोकॅलरी धरले, तर युनिटला सुमारे ५९० ग्रॅम कोळसा आणि दिवसाला ११,३०० टन. एका रेल्वे रेकमध्ये ५८-५९ वाघिणी असतात आणि त्यात ३,८०० ते ४,००० टन कोळसा येतो. म्हणजे पूर्ण भारावर रोज जवळपास तीन रेक जादा. वणाकबोरीचा कोळसा छत्तीसगडच्या खाणींतून हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापून शेवटी आणंद-गोध्रा मार्गावर येतो. त्या मार्गावर आणि वॅगन टिपलरवर (वाघीण उलटून कोळसा रिता करणाऱ्या यंत्रावर) तीन रेकची जागा आहे का, हा प्रश्न बॉयलरच्या आधी सोडवावा लागतो.

पाण्यासाठी सरकारी मर्यादा नव्या संचाला मेगावॉट-तासाला ३ घनमीटर आणि जुन्याला ३.५ घनमीटर अशी आहे. ८०० मेगावॉटला दिवसाचे ५७,६०० घनमीटर झाले, म्हणजे पावणेसहा कोटी लिटर. त्यातला सर्वांत मोठा भाग कूलिंग टॉवरमधून वाफ होऊन जातो, नदीत परत येत नाही. मही किंवा तापीवर उन्हाळ्यात शेतीचे पाणी आणि केंद्राचे पाणी एकाच धरणातून द्यायचे असते, म्हणून पाण्याचा कोटा वर्षाच्या सरासरीवर नव्हे तर मे महिन्याच्या पातळीवर तपासला पाहिजे.

आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के असते. ३८ टक्के धरली तर रोज ४,३०० टन, म्हणजे ३० टनांचे १४३ बल्कर (राख वाहणारे टँकर).

आता जुन्याशी तुलना. वणाकबोरीचे पहिले सात संच २१० मेगावॉटचे आहेत, पहिला १९८२ चा, सातवा १९९८ चा. या पिढीच्या संचाला युनिटमागे २,५०० ते २,६०० किलोकॅलरी लागतात. २,५५० धरले तर कोळसा ६८० ग्रॅम. कार्यक्षमता काढायला ८६० ला या आकड्याने भागायचे : जुना संच ३३.७ टक्के, नवा ३९.१ टक्के. म्हणजे एका युनिटमागे सुमारे ९० ग्रॅम कोळसा वाचतो. पण ही बचत नवा संच जुन्याच्या जागी आला तरच पदरात पडते. जुना चालू ठेवून नवा त्याच्या बाजूला उभा केला तर एकूण कोळसा वाढतो, आणि नवा थांबवून जुनाच ओढत राहिलो तर प्रत्येक युनिटमागे ते ९० ग्रॅम जळतच राहतात.

प्रश्न : दुपारी सौर वीज आली की आमच्या २१० च्या संचाला लोड खाली आणायला सांगतात, संध्याकाळी पुन्हा पूर्ण. रोजची ही चढउतार सुरू झाल्यापासून ट्यूब लीकेज (बॉयलरच्या नळ्या फुटून गळणे) वाढले. कुठे लक्ष द्यावे? — ऑपरेशन विभागातले वाचक, फतेहगंज

उत्तर : तुमचा संच एकाच भारावर वर्षानुवर्षे चालण्यासाठी बनवलेला आहे. आता केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनुसार ५५ टक्के भारापर्यंत खाली येण्याची क्षमता हवी, म्हणजे २१० चे साधारण ११५ मेगावॉट. चढउताराचा वेग ७० ते १०० टक्क्यांच्या पट्ट्यात मिनिटाला ३ टक्के, म्हणजे सुमारे ६ मेगावॉट, आणि ५५ ते ७० टक्क्यांत मिनिटाला २ टक्के. हे आकडे गाठता येतात, पण धातूला त्याची किंमत मोजावी लागते.

पहिली झळ जाड भागांना बसते : ड्रम (पाणी-वाफेची मोठी टाकी), सुपरहीटरचे हेडर (वाफेच्या नळ्या जोडणारे जाड पाइप), एचपी म्हणजे जास्त दाबाच्या टर्बाइनचे केसिंग. आतला थर आधी तापतो, बाहेरचा मागे राहतो, आणि रोजच्या ताणाने हेडरच्या स्टब वेल्डला (नळीच्या जोडाला) केसासारख्या भेगा पडतात. ड्रमच्या वरच्या आणि खालच्या धातूच्या तापमानातला फरक ५० अंशांच्या आत ठेवा. लाइट-अपनंतर (बॉयलर पेटवल्यावर) पहिल्या दोन तासांत घाई केली तर हा फरक हमखास ओलांडला जातो. वार्षिक शटडाउनमध्ये हेडर स्टबची डाय टेस्ट किंवा मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट (भेगा शोधण्याच्या चाचण्या) यादीत सर्वांत वर घ्या. पूर्वी ती चार-पाच वर्षांतून एकदा केली तरी भागत होते, आता भागणार नाही.

दुसरे, मिल, म्हणजे कोळसा दळणारी चक्की. कमी भारावर तीन मिल चालवत असाल तर त्या लागोपाठच्या उंचीवरच्या असू द्या. एक वरची, एक मधली, एक तळातली अशा विखुरलेल्या ठेवल्या की ज्योत डगमगते, फ्लेम स्कॅनर धोका दाखवतात आणि ऑइल गन (तेलाचे बर्नर) लावाव्या लागतात. ओला कोळसा आला तर पावसाळ्यात हे आणखी अवघड होते. मिलच्या आउटलेटचे तापमान उतरू लागले की भार आणखी कमी करू नका, आधी गरम हवा वाढवा.

तिसरे, मागचा थंड पट्टा. भार उतरला की फ्ल्यू गॅसचे (जळून निघालेल्या वायूचे) तापमान खाली येते. ते आम्लाच्या दवबिंदूखाली गेले की एअर प्रीहीटरचे (हवा तापवणाऱ्या यंत्राचे) बास्केट गंजतात आणि ईएसपीच्या (धुरातली राख पकडणाऱ्या यंत्राच्या) हॉपरमध्ये, म्हणजे तळपेटीत, राख ओलसर होऊन चिकटते. हॉपर हीटर बंद असतील तर रात्रीतून हॉपर भरतो, राख इलेक्ट्रोडपर्यंत पोचते, ते फील्ड अर्थ होते (त्या भागाची वीज बंद पडते) आणि चिमणीतून धूळ निघते. गावकऱ्यांचा फोन येतो तो यानंतर. म्हणून हॉपर हीटर आणि लेव्हल स्विच ही दिसायला किरकोळ वस्तू या नव्या पद्धतीत पहिल्या रांगेत आल्या आहेत.

टर्बाइनच्या बाजूला रीहीट (पुन्हा तापवलेल्या वाफेचे) तापमान पडू देऊ नका. ते पडले की एलपी म्हणजे कमी दाबाच्या टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यांत ओलावा वाढतो आणि पात्यांच्या कडा झिजतात. बॉयलर फीड पंपाचा रीसर्क्युलेशन व्हॉल्व्ह रोज उघडझाप करून पास होऊ लागतो (बंद असूनही पाणी सोडतो), मग पंपाची वीज वाया जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. व्हॉल्व्हनंतरच्या पाइपचे तापमान हाताच्या थर्मामीटरने आठवड्याला नोंदवा.

आता ट्यूब लीकेज. २१० च्या बॉयलरमधून तासाला सुमारे ७०० टन वाफ निघते आणि डीएम मेकअप (भरून काढायचे शुद्ध पाणी) त्याच्या एक ते दीड टक्का, म्हणजे ७ ते १० टन असावा. तो १५-२० वर चढून वाढतच राहिला, फीड फ्लो आणि स्टीम फ्लो यांत अंतर पडले, आयडी फॅनचे (धूर ओढणाऱ्या पंख्याचे) अँपिअर वाढले, एका बाजूचे गॅस तापमान दुसऱ्यापेक्षा उतरले, तर लीकेज आहे असेच समजा. पीप होलपाशी उभे राहिले की अखंड शिटीसारखा आवाज येतो. इथे सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे "आजची संध्याकाळ काढू" म्हणत संच ओढणे. १५० किलो दाबाची वाफ शेजारच्या ट्यूबवर पडते आणि तिला कापते, ती तिसरीला. एका ट्यूबचे काम आठ-दहा ट्यूबांचे होते आणि दोन दिवसांचे शटडाउन पाच दिवसांचे.

बंद केल्यावर आधी काही तास नैसर्गिक थंडावा, मग फॅन लावून. परमिट, गॅस टेस्ट आणि मचाण झाल्याशिवाय कोणी आत जाऊ नये. आत गेल्यावर पहिली फुटलेली ट्यूब शोधा, कारण बाकीच्या तिच्यामुळे गेलेल्या असतात. फाटलेल्या तोंडाची कड पातळ, माशाच्या उघड्या तोंडासारखी असेल तर थोड्या वेळात झालेले अतितापन : पाणी किंवा वाफ अडली होती. कड जाड आणि तोंड छोटे असेल तर वर्षानुवर्षांचा क्रीप (उष्णता आणि दाबाखाली धातूचे हळूहळू ताणले जाणे). बाहेरून एका अंगाने घासलेली असेल तर राखेचे घर्षण, विशेषतः इकॉनॉमायझरच्या (पाणी आधी तापवणाऱ्या भागाच्या) वळणांवर. आतून खड्डे असतील तर पाण्याचे रसायन तपासा. तुकडा कापून त्यावर एलिव्हेशन, कॉइल क्रमांक आणि गॅसची दिशा रंगाने लिहा आणि प्रयोगशाळेकडे पाठवा. भंगारात टाकला तर पुढचे लीकेजही तिथेच होणार. बदललेल्या ट्यूबचा रूट (वेल्डचा पहिला थर) आर्गॉन वेल्डिंगने, आयबीआर (भारतीय बॉयलर नियम) प्रमाणित वेल्डरकडूनच करून घ्या. रेडिओग्राफी शंभर टक्के, मिश्रधातूच्या ट्यूबला आधी प्रीहीट आणि नंतर उष्णोपचार, शेवटी हायड्रो टेस्ट. आजूबाजूच्या निदान दहा-बारा ट्यूबांची जाडी अल्ट्रासॉनिक मीटरने मोजून वहीत चढवा. नवा संच येणार म्हणून या मोजमापांचा खर्च वर्षानुवर्षे टाळला गेला असेल, तर आता तो मागण्याची वेळ आहे. नवा संच येत नाही, हेच त्या मागणीचे कारण म्हणून लिहा.

प्रश्न : मागणी नाही म्हणून संच महिनाभर राखीव बंद ठेवला जातो. बंद यंत्र खराब कसे होते? — डिप्लोमाचा विद्यार्थी, वाघोडिया रोड

उत्तर : बंद बॉयलरमध्ये पाणी, हवा आणि लोखंड एकत्र राहिले की गंज लागतो. थोड्या दिवसांसाठी बॉयलर डीएम पाण्याने पूर्ण भरतात, अमोनियाने पीएच १० च्या आसपास आणतात, हायड्रेझिन २०० पीपीएम राखतात आणि वर नायट्रोजनचा हलका दाब ठेवतात. जास्त काळासाठी बॉयलर गरम असतानाच, दाब पाच-दहा किलोवर आल्यावर, रिकामा करतात. धातूच्या उष्णतेने आतला ओलावा सुकतो, मग नायट्रोजन भरतात. हायड्रेझिन विषारी आहे, हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्याला हात लावू नये.

टर्बाइनचा रोटर बारिंग गिअरवर सावकाश फिरत ठेवावा लागतो. एचपी केसिंग १५० अंशांखाली येण्याआधीच तो थांबवला तर रोटर वाकतो. आणि बंकरमध्ये (मिलच्या वरच्या कोळशाच्या टाकीत) कोळसा ठेवून संच कधीही लांब मुदतीला बंद करू नये. आतला कोळसा स्वतःच तापतो, धुमसतो आणि आग विझवताना माणसे जखमी होतात. यार्डातल्या ढिगालाही हीच भीती असते, म्हणून तो थराथराने रचून बुलडोझरने दाबतात आणि जुना कोळसा आधी काढतात.

प्रश्न : विस्तारावरचा खर्च वाचला, तर आमचे बिल कमी का होत नाही? — गृहिणी, सयाजीगंज

उत्तर : कारण केंद्राला मिळणारा दर दोन भागांत असतो. स्थिर आकारात कर्जाचे व्याज, घसारा, भांडवलावरचा परतावा, देखभाल आणि पगार. ऊर्जा आकारात फक्त इंधन. वर्षभर ठरलेल्या प्रमाणात, केंद्रीय नियमांत ८५ टक्के, संच चालवायला तयार राहिला की स्थिर आकार पूर्ण मिळतो, मग वीज घेतली असो वा नसो. नवा संच झाला नाही म्हणून त्याचा नवा स्थिर आकार बिलात आला नाही, एवढीच बचत. तिचा वेगळा रकाना नसतो. पण संध्याकाळी वीज कमी पडली की ती बाजारातून महाग घ्यावी लागते आणि ती रक्कम इंधन व वीजखरेदी समायोजन आकारातून, म्हणजे बिलावरच्या एफपीपीपीए या ओळीतून, तुमच्यापर्यंत येते. ही ओळ दर तिमाहीला बदलते. मागच्या चार तिमाहींची बिले शेजारी ठेवा, वापर सारखा असूनही रक्कम का हलली ते त्या एका ओळीत दिसेल.

प्रश्न : आम्ही फ्लाय ॲशच्या विटा वापरतो. विस्तार थांबला तर राख कमी पडेल का? शिवाय हल्ली विटांच्या कडा तुटतात. — बांधकाम व्यावसायिक, मकरपुरा

उत्तर : राख कमी पडणार नाही. २१० चा एक संच पूर्ण भारावर दिवसाला सुमारे १,३०० टन राख काढतो, त्यातली ८० टक्के उडती राख. तीन किलो दोनशे ग्रॅमच्या विटेत ५५ टक्के राख धरली तर एका दिवसाच्या राखेतून साडेपाच लाखांहून जास्त विटा होतात. शिवाय तलावांत वर्षानुवर्षांची राख साठलेली आहे. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रांना १०० टक्के राख वापरात आणण्याचे बंधन घातले आहे आणि न वापरलेल्या राखेवर टनाला १,००० रुपये भरपाई लावली आहे, त्यामुळे राख द्यायला केंद्रे तयार असतात. अडचण प्रतीची असते.

सायलोतली (उंच बंद कोठीतली) कोरडी बारीक राख आणि तलावातून खणलेली राख या वेगळ्या वस्तू आहेत. तलावातली भरड असते, तिच्यात तळाची राख मिसळलेली असते आणि चुना-सिमेंटशी ती आळसाने जुळते. कडा तुटण्याचे पहिले कारण बहुधा हेच. पुरवठादाराला ४५ मायक्रॉन चाळणीवरचा शेष विचारा, ३४ टक्क्यांपेक्षा जास्त नको. जळून जाणारा अंश ५ टक्क्यांच्या आत हवा. राख हातात घेऊन काळपट दिसली तर त्यात न जळलेला कोळसा आहे. कमी भारावर चालणाऱ्या संचातून अशी राख जास्त येते.

१०० किलो मिश्रणात साधारण ५५ किलो राख, ३५ किलो क्रशर डस्ट आणि १० किलो सिमेंट. सेवालियाकडची डस्ट घेत असाल तर तिच्यातली माती तपासा : काचेच्या ग्लासात पाण्याबरोबर ढवळून तासभर ठेवा, वर गढूळ थर जाड बसला तर ती धुवावी लागेल. पाणी एवढेच की मूठ दाबली तर गोळा व्हावा आणि तळहात ओला होऊ नये. पॅन मिक्सरमध्ये तीन-चार मिनिटे. दाबून काढलेली वीट पहिले २४ तास सावलीत झाकून, मग निदान १४ दिवस दिवसातून दोन-तीनदा पाणी. कडा तुटण्याचे दुसरे मोठे कारण इथे आहे : मागणी वाढली की सातव्या दिवशीच ट्रक भरतात. २१ दिवसांआधीची वीट साइटवर घेऊ नका, ट्रकच्या चलनावर उत्पादनाची तारीख मागा.

पारख अशी. वीट ओव्हनमध्ये किंवा कडक उन्हात पूर्ण वाळवून तोला, २४ तास पाण्यात ठेवून पुन्हा तोला. वाढलेले वजन कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजल्या पाहिजेत. ताकद निदान ७५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर, आणि ती प्रयोगशाळेच्या कागदावर असावी. बांधताना वीट मातीच्या विटेसारखी तासन्‌तास भिजवू नका, नुसते पाणी मारा. जास्त भिजवलेली वीट नंतर सुकताना आकसते आणि प्लास्टरला भेगा पाडते.

प्रश्न : केंद्राशेजारच्या आमच्या गावात नव्या राखतलावासाठी जमीन घेतली, विस्तार थांबला, जमीन पडून आहे. ती परत मिळते का? आणि जुन्या तलावाची राख उन्हाळ्यात घरात येते, त्याचे काय करावे? — वडोदऱ्यात राहणारे एक शेतकरी

उत्तर : आधी जमीन कोणत्या कायद्याखाली गेली ते पाहा. निवाड्याच्या प्रतीवर ते लिहिलेले असते. १८९४ च्या जुन्या कायद्याखाली ताबा आणि मोबदला दोन्ही झाले असतील तर जमीन मूळ मालकाला परत मिळण्याची वाट जवळपास बंद आहे. २०१३ च्या कायद्याचे कलम १०१ म्हणते की ताब्यापासून पाच वर्षे जमीन वापरली नाही तर ती मूळ मालकाला किंवा सरकारच्या भूमी बँकेला जाते. त्या "किंवा" मध्ये निवड सरकारच्या हातात आहे, म्हणून पाच वर्षे भरताच जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करून पोच घ्या. गुजरातने २०१६ मध्ये या कायद्यात स्वतःच्या दुरुस्त्या केल्या आहेत, त्या वाचलेल्या वकिलालाच कागद दाखवा. खासगी वाटाघाटीने, साध्या खरेदीखताने जमीन दिली असेल तर हे कलम लागू होत नाही. सातबारावर कंपनीचे नाव चढले आहे का, तेही बघा. कुठे कुठे ताबा कागदावर झालेला असतो आणि नोंद जुन्याच नावावर राहते.

राखेचे उत्तर जमिनीपेक्षा लवकर मिळू शकते. तलावाच्या ज्या भागात राख पडत नाही तो भाग सुकतो आणि वारा त्याच भागावरून धूळ उचलतो. उपाय साधे आहेत : पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर राखणे, स्प्रिंकलर, भरलेल्या भागावर मातीचा थर आणि गवत, राख नेणाऱ्या ट्रकला ताडपत्री आणि फाटकावर चाके धुण्याची सोय. यातल्या बहुतेक गोष्टी केंद्राच्या पर्यावरण मंजुरीतच अटी म्हणून लिहिलेल्या असतात. मंजुरीचे पत्र पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर मिळते. प्रत्येक केंद्राला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यावा लागतो, तोही मागा. "राख उडते" एवढेच लिहिलेला अर्ज फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. त्याऐवजी अटीचा क्रमांक, ती कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी मोडली, वारा कुठल्या दिशेने होता आणि तारखेसह फोटो, असे लिहून गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्या. अंगणात एक स्टीलचे ताट सकाळी सातला ठेवून संध्याकाळी सातला त्यावरची राख वेगळ्या पिशवीत भरा, पिशवीवर तारीख लिहा आणि असे सात दिवस करा. अर्जासोबत त्या सात पिशव्याही जोडा आणि पोचपावतीवर त्यांची संख्या लिहून घ्या.